दिवसाचं पहिलं पाणी

सुनेनं चाकूच्या पाठीनं खिडकीच्या चौकटीवरचा आणखी एक रंगाचा पापुद्रा सोलला आणि ओल्या कागदात गुंडाळला. चौकटीचं लाकूड आता कोपऱ्यापर्यंत उघडं पडलं होतं.

“घरात सोलायचा आता मी तेवढा राहिलोय,” दारात बूट चढवता चढवता तिचा नवरा म्हणाला.

“तुमच्यातून काही निघेल असं वाटत नाही,” ती मागे न बघता म्हणाली.

ओट्याशी उभी असलेली आजी एरवी यावर हसली असती. आज तिनं फक्त गॅस बारीक केला. टेबलाखाली बसून तिची नात, चिमणी, बटणं मोजत होती. नऊ, दहा, अकरा. अकराशी तिचं बोट थांबलं. ती परत एकपासून सुरू झाली. उन्हाळ्यात हीच पोर पन्नासपर्यंत एका दमात म्हणायची.

डॉक्टरांनी चिमणीचं रक्त तपासून शिसं सांगितल्याला तीन आठवडे झाले होते. पोट दुखणं, जेवणावरचं मन उडणं, उगाच रडणं, सगळं त्याचंच. कुठून येतंय ते आधी शोधा, ते म्हणाले होते, नाहीतर औषध देऊन उपयोग नाही. आणि फार दिवस घालवू नका, या वयात जे मागे पडतं ते भरून येईलच असं नाही. त्या दिवसापासून सून घर उसवत सुटली होती. रंगीत खेळणी गेली, फुलाफुलांचे कप गेले, खडूची पेटी गेली. पाणी तेवढं संशयातून सुटलं होतं. त्याची बाटली पहिल्याच आठवड्यात तपासायला गेली आणि ‘दोष नाही’ असा कागद आला.

दुपारी पाणीखात्यातली बाई दुसरी बाटली घेऊन आली.

“तुमच्या गल्लीत दोन घरांच्या पाण्यात शिसं निघालंय,” ती खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. “तुमचंच तेवढं स्वच्छ कसं, ते साहेबांना पटेना. मागची बाटली कोणी भरली होती?”

“मीच. सकाळी उठल्या उठल्या.”

“त्याआधी नळ कोणी उघडला नव्हता?”

“नाही हो. आईंना विचारूनच फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं मी.”

बाईनं आजीकडे पाहिलं. आजीच्या हातात पुसायला घेतलेला छोटा स्टीलचा पेला होता. तिनं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते तिचं तिलाच कळलं नाही.

“पण ते एवढं का विचारता?” तिनं हळूच विचारलं.

“त्यातच तर सगळं आहे, आजी. रात्रभर पाणी पाइपात बसून राहतं. जुन्या जोडांना शिसं वितळवून डाख दिलेला असतो, तो पाण्यात उतरत राहतो. तुमच्याकडे तर जोड नळाच्या खालीच दिसतोय. मग सकाळचं पहिलं पेलाभर पाणी सगळ्यात वाईट. नळ सोडून ठेवला की कमी कमी होत जातं. म्हणून आम्हाला ते पहिलंच लागतं. दुसरं आमच्या कामाचं नाही.”

“आणि उकळलं तर?”

“शिसं उकळून जात नाही. पाणी आटतं, ते तिथंच राहतं.”

बाईनं नळाच्या मानेला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली: झोपताना नळ बंद, सकाळी आधी बाटली. सुनेनं तिला फाटकापर्यंत सोडलं. आजी पेला पुसतच राहिली. तो केव्हाच कोरडा झाला होता.

दोन वर्षांपूर्वी चिमणी अकरा दिवस दवाखान्यात होती, तेव्हा आजीनं देवाला शब्द दिला होता. रोज उजाडण्याआधी, कोणाच्या ओठाला न लागलेलं दिवसाचं पहिलं पाणी पोरीला पाजीन. एक दिवस चुकवणार नाही आणि कोणाला सांगणार नाही. सांगितलेल्या नेमाचं फळ जातं. पोर घरी आली. आजी रोज पहाटे पेला भरायची, डोळ्यांना लावायची आणि अर्धवट झोपेतल्या चिमणीच्या ओठाला टेकवायची. मग नळ मोठा सोडून घरचे हंडे भरायची. गेल्या काही महिन्यांत पोर सुकत चालली, तशी तिनं नेमात आणखी जीव ओतला. दोन घोट पुरत होते, तिथं ती पेला रिता होईपर्यंत थांबू लागली.

मागच्या वेळी सुनेनं विचारलं होतं, “आई, नळ कोणी वापरला नाही ना?” ती सहज नाही म्हणाली होती. देवाच्या नावानं घेतलेलं पाणी वापरण्यात धरायचं असतं, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. हंडे तर तिनं त्या दिवशी भरलेच नव्हते, सुनेच्या बाटलीसाठी म्हणून.

संध्याकाळी ती माळ घेऊन बसली. दोनदा मणी चुकले. उठून तिनं नळ पुसला, परत येऊन बसली, परत उठली.

“आई, काय शोधताय?” सुनेनं विचारलं.

“काही नाही गं.”

“बसा ना मग. तुम्हाला बघून मलाच घाबरल्यासारखं होतंय.”

आजी बसली. सांगावं, असं तोंडापर्यंत आलं. सांगितलं तर नेम गेला. आणि न सांगावं, तर उद्या पहाटे काय करायचं? देवानं दोन वर्षं सगळं ऐकून घेतलं होतं, या प्रश्नावर मात्र तो गप्प होता.

पहाटे ती नेहमीच्या वेळेला उठली. अंघोळ केली, दिवा लावला, हात जोडले. आज मागायला काही सुचलं नाही. ओट्यावर पेला होता, शेजारी बाटली. तिनं पेला उचलला, क्षणभर डोळ्यांना लावला आणि उपडा ठेवला. मग चिठ्ठीचा दोरा सोडून बाटलीचं तोंड नळाखाली धरलं. पाणी नेहमीसारखंच होतं, निर्मळ, गार. बाटली भरल्यावर तिनं झाकण दोन्ही हातांनी आवळलं.

“आई?” सून केस बांधत दारात आली. “मी भरणार होते ना.”

“भरली.”

“त्याआधी नळ...”

“आज नाही उघडला.”

सुनेचे हात केसांतच थांबले. तेवढ्यात आतून पावलं वाजली. चिमणी डोळे चोळत आली, सवयीनं ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि तिनं मान वर करून ओठ पुढे केले.

“आजी, माझं पाणी?”

सुनेनं उपड्या पेल्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

“मागच्या फॉर्मची प्रत असेल ना गं तुझ्याकडे?” आजी म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की सुनेला दोन पावलं पुढे यावं लागलं. “त्यावर ते ‘नाही’ लिहिलंयस. ते खोड.”

सून काही विचारील म्हणून आजी नळाकडे बघत उभी राहिली. सुनेनं मात्र चिमणीला उचलून कडेवर घेतलं, पुढे होऊन नळ पूर्ण सोडला आणि आजीच्या शेजारीच उभी राहिली. थेंब सांडला तरी बोलणाऱ्या त्या घरात पाणी धो धो वाहत राहिलं.

“किती वेळ सोडायचं म्हणाल्या होत्या त्या बाई?” बऱ्याच वेळानं सुनेनं विचारलं.

“सांगितलं नाही,” आजी म्हणाली. “राहू दे अजून.”