सिद्धरामच्या बांधावरल्या खुंट्या

सिद्धरामचं डोकं तापलं होतं, आणि त्यातला अर्धा राग स्वतःवरच होता.

चार वर्षांमागं, दोन हजार चार साली, गुलबर्ग्याहून सर्वेवाले आले. त्याच्या तुरीच्या रानात त्यांनी लोखंडी खुंट्या रोवल्या, वायरी पसरल्या आणि दर खुंटीपाशी घणाचे घाव घातले. हादरा खडकातून कसा पळतो त्यावरून कंप्युटरात खालच्या पाण्याचं मॉडेल बनतं म्हणे. मॉडेल म्हणालं, पाणी भरपूर. झालं! दारूच्या कारखान्याला आठ बोअरची परवानगी मिळाली, अन् गावाची पिण्याची विहीर चार वर्षांत तळाला गेली.

आता त्याच जागांवर पुन्हा घण पडायचा होता. तेव्हाचं अन् आत्ताचं ताडून मॉडेल सुधारायचं. पाणी उतरलेलं दिसलं तर बोअर बंद. सगळं गाव त्या आशेवर होतं.

आणि सर्वेवाले सुनीलकुमार सायेब घण कुठं मारायलेत? तळ्याखालच्या बांधावर! जिथं उन्हाळ्यातबी चिखल असतो तिथं! कारण खुंट्या तिथं होत्या. नांगराला आडव्या येतात म्हणून सिद्धरामनंच त्या रानातून उपटल्या, आणि सरकारी वस्तू हरवू नये म्हणून मोठ्या इमानदारीनं, मोजून तेवढ्याच अंतरावर, बांधावर ओळीनं रोवल्या होत्या. कुणी सांगितला होता शहाणपणा!

"जावा, सांगून टाका," जगदेवी नवऱ्याला म्हणाली. "तुमची लाज मोठी का गावाचं पाणी?"

तो तडक बांधावर गेला. "सायेब, ह्या खुंट्या मी हलवल्या. खऱ्या जागा रानात हायत. चला, दाखवतो."

"असू दे, अण्णा. आकडे जुन्या मॉडेलशी छान जुळायलेत."

"जुळणारच की! वल्ल्यात मारल्यावर दुसरं काय व्हणार? रानात मारून बघा!"

"दोन दिवसांचं काम झालंय. अन् सरकारी खुंट्या हलवल्या तर केस होते, ठाऊक हाय का? गुमान घरी जा."

केस! गावाचं पाणी उपसणाऱ्यांना सलाम, अन् खरं बोलणाऱ्यावर केस! सिद्धरामच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं मजुराच्या हातातला घण हिसकावला आणि वायरींच्या मधोमध बसकण मारली.

"करा की केस! आत्ता करा, मी अंगठा न्हाई, सही देतो. पण कोणती खुंटी कुठनं कुठं गेली, ते त्यात लिहावंच लागंल तुमाला."