लेखी दिलं, तोंडी घेतलं

आबा वारले तेव्हा आमच्या घरात कोणालाच धक्का बसला नाही. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि गेली चार वर्षं दर सोमवारी आपण या आठवड्यात जाणार असं सांगत होते. धक्का बसला तो सतराव्या दिवशी, तलाठ्याच्या टेबलावर, आणि तो मी दिला.

पोखर्णीच्या अलीकडे आमचं गाव. तिथं आबांच्या नावावर अकरा एकर जमीन आणि एक विहीर. ती जमीन माझे वडील, परमेश्वर अण्णा, पस्तीस वर्षांपासून कसतात. अण्णांना दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करावं असं कधी वाटलंही नाही. आता ती जमीन त्यांच्या नावावर व्हायची होती.

आमच्याकडं याची रीत ठरलेली आहे. आधी वारस म्हणून भाऊ-बहिणी सगळ्यांची नावं लावायची, मग बहिणीनं कचेरीत जाऊन हक्कसोडपत्र लिहून द्यायचं. भावानं तिला साडी घ्यायची आणि पुरणपोळी खाऊ घालायची. बहिणीला विचारायचं नसतं, तारीख कळवायची असते. शिवकन्या आत्याला तारीख कळवली होती. ती जिंतूरहून पहिल्या यष्टीनं आली.

तलाठी सिद्धोधन. शासनानं तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण गावानं तो बदल अजून मंजूर केलेला नाही. फोनवर ते म्हणाले होते, "सगळी कागदं घेऊन या." म्हणून मी आबांची ट्रंकच उचलून नेली. आबांचा तोंडी व्यवहारावर विश्वास नव्हता. त्या ट्रंकेत शेवटच्या चपलेच्या पावतीपासून एकोणीसशे बासष्टच्या बैलापर्यंत सगळं होतं.

सिद्धोधननं मृत्यूचा दाखला बघितला, सातबारा बघितला. मग एक पिवळा कागद उघडला, वाचला, पुन्हा वाचला, अण्णांकडं बघितलं, बाहेर जाऊन पाणी पिऊन आले आणि तिसऱ्यांदा वाचला.

"काका, तुमचं पूर्ण नाव काय?"

"परमेश्वर आबासाहेब."

"न्हाई," सिद्धोधन हळूच म्हणाले, "तुमी परमेश्वर माणिकराव हाव."

माणिकराव म्हणजे आमचे शेजारी. ते वीस वर्षांपूर्वी वारले. त्यांची बायको सुलाआजी अजून आहे, आणि तिच्याशी आमचं बांधावरून भांडण आहे. अण्णा तिच्याशी आठ वर्षांपासून बोलत नाहीत आणि मागच्याच महिन्यात त्यांनी तिच्या विरोधात मोजणीचा अर्ज टाकलेला. हातातला कागद मात्र सांगत होता, की एकोणीसशे एकोणसत्तर साली आबांनी आपला एकुलता एक मुलगा माणिकरावांना दत्तक दिला. नोंदणी केलेली. शिक्के जागच्या जागी. साक्षीदार दोन, दोघंही मेलेले. म्हणजे अण्णांनी आपल्या आईवरच मोजणी लावली होती.

अण्णांनी ट्रंकेकडं बघितलं.

"राम," अण्णा मला म्हणाले, "ट्रंक कोणी आणली?"

"मी."

"पूर्ण?"

"सगळी कागदं आणा म्हणले होते."

"सगळी म्हणजे लागणारी रे, गाढवा!"

मग आत्या बोलली. ती अण्णांपेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. "सूप मी धरलं होतं," ती म्हणाली.

झालं होतं ते असं. आत्यानंतर आजीची तीन लेकरं गेली, सगळी वर्षाच्या आत. अशा घरात मूल झालं की ते सुपात घालून दुसऱ्याला देऊन टाकतात. सटवाई न्यायला आली की तिला सांगायचं, हे आमचं न्हाईच. मग ती परत जाते. हा सगळा प्रकार अर्ध्या दिवसाचा. सकाळी सुलाआजीच्या पदरात दिलं, दुपारी दूध पाजायची वेळ झाली म्हणून माघारी आणलं.

"ते ठीक हाय," सिद्धोधन म्हणाले. "पण मग कागद कशाला केला?"

"आबाला तोंडी चालत नव्हतं. सटवाईनं उद्या पुरावा मागितला तर?"

"म्हणून परभणीला जाऊन नोंदणी केली?"

"शिक्क्याबिगर कोण मानतंय, साहेब?"

सिद्धोधननं यावर विचार केला. "आणि माघारी आणल्याचा कागद?"

"ते तोंडीच. लेकरू रडायलं होतं."

म्हणजे आबांनी आयुष्यात एकच व्यवहार अर्धा तोंडी केला, आणि तो माझ्या बापाचा होता.

"मला कागद दिसला न्हाई असं आता म्हणता येत न्हाई," सिद्धोधन म्हणाले. "दत्तक गेलेला मुलगा पहिल्या बापाचा वारस लागत न्हाई. आजी कधीच गेलेल्या. म्हणजे वारस एकच. आत्याबाई."

आत्या बसलेलीच होती, तरी ती पुन्हा एकदा बसली.

"मग मी काय सोडू अन् कोणाला?" तिनं विचारलं.

"हक्क दुसऱ्या वारसासाठी सोडता येतो. काका वारसच न्हाईत."

"आन् समजा हा कागद नसता, तर माझी किती होती?"

"अर्धी."

"अर्धी," आत्या म्हणाली. एखाद्या गावाचं नाव पहिल्यांदा ऐकावं तसं.

अण्णांच्या मांडीवर साडीची पिशवी होती. ती घेऊन ते उठले, दाराकडं गेले, परत आले आणि भलत्याच खुर्चीत बसले. माझ्या बापाला मी पहिल्यांदाच असं बघत होतो. पस्तीस वर्षांची जमीन गेली होती आणि ती नेणारा कोणी समोर नव्हता. ना सावकार, ना सरकार. एक सूप होतं.

त्याच दुपारी मी अण्णांना गाडीवर बसवून परभणीला भगवानराव वकिलांकडं नेलं. भगवानरावांनी कागद वाचला आणि इतक्या आदरानं टेबलावर ठेवला, की मला वाटलं आता नमस्कार करतील. "चाळीस वर्षं वकिली करतोय," ते म्हणाले, "पण देवीला दाखवायला केलेला दस्त पहिल्यांदाच बघतोय." मग त्यांनी सांगितलं, की खरं दत्तक मोडता येत नाही. पण हे दत्तक नुसतं दाखवायला होतं, मूल खऱ्यानं कधी दिलंच नाही, असं कोर्टात सिद्ध झालं तर कागद निकामी ठरतो. मग अण्णा वारस, अर्धी जमीन त्यांची, आणि उरलेल्या अर्ध्याचं बहीण-भावानं बघून घ्यावं.

"साक्षीदार कोण हाय जिवंत?"

अण्णांनी डोळे मिटले. "सुलाबाई."

येताना गाडीवर अण्णा एकच वाक्य बोलले. "तिच्या घरात कसं जायचं, आठवत न्हाई."

सुलाआजी अंगणात तुरी निवडत होती. शहाऐंशी वर्षांची बाई, नजर घारीची.

"कामून आलास?" तिनं विचारलं. "मोजणी घ्यायला का आई म्हणायला?"

बातमी आमच्या आधी पोचली होती. बांध ओलांडायला तिला आमच्या गाडीपेक्षा कमी वेळ लागतो. माझ्या नव्या आजीची तीन एकर तिच्या भाच्याच्या नावावर कधीच झाली होती, म्हणजे अण्णांना आई मिळाली ती मोकळ्या हातानं.

अण्णांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कोर्ट, साक्ष, ढोंग.

"येते की," सुलाआजी म्हणाली. "सांगते जजाला, समदं ढोंग होतं. माझं काय जातंय? पण एक ऐक. तू बारा वर्षाचा झालास तवा मीच तुझ्या बापाला म्हणले होते, भाऊजी, पोरगं जगलं आता, त्यो कागद फाडा. तर त्याचं तोंड असं झालं, जसा मी कोयताच उचललाय. म्हणला, वहिनी, कागद हाय तवर पोरगं हाय."

अण्णा खाली बसले. जमिनीवर, तुरीशेजारी.

"दर साली नव्या ज्वारीचं एक सूप आणून द्यायचा, गुपचूप. तू भांडायलास तवाबी. मागल्या साली हातात काठी होती तरी आणलं. म्हणला, व्यवहार चालू ठिवावा लागतो. तुला म्हाईत न्हवतं का?"

अण्णांना माहीत नव्हतं. माझ्या बापाला जे काही माहीत नव्हतं त्याची त्या दिवशी रास लागली होती.

सुलाआजी म्हणाली, "मी साक्ष देते. पण तुझ्या मनाचं तू बघ."

मला वाटलं, यात बघायचं काय? जमीन अर्धी तरी परत येते. घरी आल्यावर अण्णांनी भगवानरावांना फोन लावला आणि म्हणाले, "साहेब, केस करायची न्हाई."

"अण्णा," मी म्हणालो, "तुमी पंचावन्न वर्षांचे हाव. बीपीची गोळी घेता. सटवाई आता कशाला येतीय?"

"तुला काय म्हाईत? तीन गेलेत माझ्या आधी." आणि मग, "बापानं पंचावन्न वर्षं सांभाळलेलं मी कोर्टात खोटं हाय म्हणू?"

मी बीएस्सी आहे. कृषी विद्यापीठातून. मला उत्तर द्यायचं होतं. मी बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो.

आता जमीन आत्याच्या हातात होती आणि हे घरात सगळ्यांना कळत होतं. आईनं तिला तीनदा चहा विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या एकटीच शेतात गेली आणि अकरा एकर पायानं फिरली. दोन तास लागले. आली तेव्हा साडीला कुसळं चिकटलेली. ओट्यावर बसून ती एकेक कुसळ काढत होती. अण्णा समोर उभे. हात बांधलेले, निकाल ऐकायला उभं राहतात तसे.

"अर्धी तुला बक्षीसपत्रानं देते," आत्या म्हणाली.

"अर्धी?"

"अर्धी. दुसरी माझी. विहिरीचं पाणी दोघाला."

"अक्का, तू तर समदी सोडायला आली होतीस."

"समद्या सोडत्यात म्हणून आले होते. तू तारीख कळवलीस, मी यष्टीत बसले. इचारलं असतंस तर तवाच सांगितलं असतं." तिनं कुसळ टाकलं. "माझी अर्धी बी तूच कर. बटईनं, पीक निम्मं-निम्मं. जिंतूरहून मी काय कापूस येचायला येणार न्हाई."

अण्णांनी ते कुसळ उचललं. मग म्हणाले, "न्हाई इचारलं, अक्का. माझं चुकलं." असं वाक्य आमच्या ओट्यावर पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. आई चहाचा कप हातात घेऊन तशीच थांबली.

जमीन आत्याच्या नावावर लागायला महिना गेला. मग आम्ही सगळे परभणीला. भगवानराव स्वतः बक्षीसपत्र लिहीत होते.

"देणार शिवकन्याबाई, घेणार परमेश्वर. नातं काय? भाऊ लिहितो. रक्ताचं नातं सांगितलं की मुद्रांक कमी लागतो, दत्तकाचा कागद मी बघून घेतो."

आत्यानं कागदावर हात ठेवला. "भाऊ लिहू नका."

"अहो, भाऊच हाय की."

"हाय. पण लिहू नका."

"मग काय लिहू?"

आत्यानं अण्णांकडं बघितलं. अण्णा कॅलेंडरकडं बघत होते, त्यावरची तारीख त्यांना फार आवडल्यासारखे.

"शेजारी," आत्या म्हणाली.

भगवानरावांनी पेन खाली ठेवला. मुद्रांक किती वाढेल ते सांगितलं. मी म्हणालो, आत्या, आधार कार्डावर अण्णांच्या बापाचं नाव आबासाहेबच आहे, मग लपवतो कोणापासून? आत्या म्हणाली, सटवाई आधार बघत नसती, नोंदणी बघती. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि जास्तीचे पैसे मोजून ठेवले. भगवानरावांनी लिहिलं, शेजारी.

नोंदणी कचेरीत खिडकीपाशी अंगठा घ्यायचं यंत्र होतं. अण्णांचा अंगठा काही केल्या उमटेना. पहिल्यांदा यंत्र नाही म्हणालं, दुसऱ्यांदाही. कारकून म्हणाला, काका, हात हलवू नका. अण्णा म्हणाले, मी हलवायलो न्हाई, त्यो आपोआप हलायलाय. तेव्हा आत्या पुढं झाली. तिनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि अंगठा काचेवर दाबून ठेवला, हिरवा दिवा लागेपर्यंत.