पालथे डालगे

मी एक जुने शीड आहे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हांला सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री वाटत नाही. शिडाने वाऱ्याच्या आणि लाटांच्या गोष्टी सांगाव्यात. मला मात्र एका कोंबडीची सांगायची आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका खाडीकाठी महिपत नावाच्या म्हाताऱ्याने मला शिवले. पुढे बरीच वर्षे मी गलबतावर होते. नारळ आणि कौले घेऊन आम्ही मुंबईला जात असू. वारा भरला की गलबत हाकणारा तांडेल माझ्याकडे बघून हसे. मग एका वादळात मी उभे फाटले. मालकाने मला गंगाराम खलाशाला देऊन टाकले आणि त्याच्या परसात मी लाकडांच्या ढिगावर पांघरूण होऊन पडले.

आमच्या गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा हुकूम झाला की माणसे, गुरे, कुत्री, कोंबड्या असे सारे गाव वेशीबाहेर माळावर राहायला जाते. तीन दिवसांनी देवाने कौल दिला तरच परतायचे. तोवर कोणी वेस ओलांडली, तर त्याच्या घरच्या माणसावर संकट येते, असे सगळे मानतात. मुलांना मात्र पळणीची ओढ असते. शाळा नाही, ओढ्यात डुंबणे, झाडाखाली जेवण!

एकोणीसशे एकतीस सालच्या पळणीत गंगाराम समुद्रावर होता. त्याची बायको दमयंती हिने राहुटीवर घालायला मला लाकडांवरून ओढले. त्या ढिगामागे कोंबडी झाकायचे एक बांबूचे डालगे पालथे होते, वर धोंडा ठेवलेला. खाली कवडी अंड्यांवर बसली होती. ती दमयंतीच्या मुलीची, राहीची, ठिपक्यांची कोंबडी. मुंगसाच्या भीतीने राही तिला झाकून ठेवी आणि सकाळ-संध्याकाळ दाणापाणी देई.

"काका, माझी कवडी हाड हां!" निघताना राहीने तिला घेऊन यायला ओरडून सांगितले.

हरिश्चंद्र काकाच्या डोक्यावर कोंबड्यांची पाटी होती. कवडी त्यातच आहे असे समजून त्याने मान हलवली. मी दमयंतीच्या काखेत होते. मला ठाऊक होते, कवडी डालग्याखालीच आहे. पण कापडाला तोंड नसते.

माळावर माझे फार कौतुक झाले. इतरांच्या राहुट्या झावळ्यांच्या होत्या.

"वयनी, वारो सुटलो तर तुमची राहुटी म्हमईक पोचतली!" शेजारचा शिवा म्हणाला, आणि राहीचा धाकटा भाऊ बाळा हसून गडबडा लोळला.

संध्याकाळी पाटी उघडली. राहीने एकेक कोंबडी पाहिली.

"काका, कवडी खंय आसा?"

"माका वाटला ह्यातच आसा," हरिश्चंद्र म्हणाला आणि खाली बघू लागला.

राहीने पाण्याची वाटी उचलली. दमयंतीही उठली. दोघी वेशीच्या दिशेने निघाल्या, तोच वाडीतली म्हातारी मैना आडवी आली.

"दमयंती, तुझो घोव दर्यात आसा."

एवढेच ती बोलली. दमयंती थांबली. नवऱ्याचे गलबत कुठे असेल, हे तिला तरी कुठे ठाऊक होते? तिने राहीचा दंड धरला.

"देव राखतलो तिका, बाय."

"देव तिका पाणी देतलो?"

दमयंतीने तिला राहुटीकडे परत वळवले.

तीन दिवस झाले. देवाने कौल दिला नाही. चौथ्या दिवशीही नाही. बाळा ओढ्यात खेकडे धरी. राही माझ्या सावलीत वाटी घेऊन बसे. तिच्या डोक्यावर सावली धरण्याखेरीज मला काही करता आले नाही.

पाचव्या दिवशी कौल मिळाला. राही सर्वांच्या पुढे धावली. दमयंती मला काखेत घेऊन परसात पोचली, तेव्हा डालगे उचललेले होते. कवडी पंख पसरून अंड्यांवर होती. तिची मान जमिनीला टेकली होती, अंडी गार होती. राही रडली नाही. तिने वाटी कवडीच्या चोचीजवळ ठेवली आणि घरात गेली.

काही दिवसांनी गंगाराम सुखरूप आला. दमयंती थांबली म्हणून आला, की तसाही आला असता? मला सांगता येत नाही. दमयंतीलाही कधी सांगता आले नाही. तिने पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत.

पुढच्या पळणीला राही मोठी झाली होती. निघायच्या सकाळी ती घरोघर फिरून प्रत्येक पालथे डालगे उताणे करू लागली.

"इली गो फौजदारीण!" शिवा हसला. पण त्याच्याच मांगरातल्या, म्हणजे शेतघरातल्या, डालग्याखाली विसरलेली पिले सापडली. तेव्हापासून आमच्या वाडीत निघण्याआधी डालगी उताणी करून ठेवतात.

आता माझ्या घडीत उंदरांनी घर केले आहे. उपदेश करण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. तरी मित्रांनो, मजेसाठी घराबाहेर निघालात, तर पालथे घातलेले सारे एकदा स्वतःच्या हाताने उचलून बघा. खाली असेल त्याला हाक मारता येतेच, असे नाही.