दक्षिणेकडे तोंड करून

"दक्षिणेला जाणं म्हणजे वाटोळं होणं? हे कुठलं शास्त्र, बाई?" लाओ थान बाकावरून अर्धे उठले. "दक्षिणेनं त्या इंग्रजांचं काय घोडं मारलंय?"

लुआन बाईंनी खडू खाली ठेवला. फळ्यावर त्यांनी 'गो साउथ' लिहून पुढे अर्थ दिला होता: धंदा बसणे, तब्येत ढासळणे, ठरलेलं फिसकटणे. वर्गात सगळी पिकली पानं. ल्याओचंगच्या वृद्धांच्या शाळेत हे सकाळचे इंग्रजीचे वर्ग भरतात ते परीक्षेसाठी नाहीत. कुणाची मुलगी कॅनडात, कुणाचा मुलगा लंडनला, आणि नातवंडांना चिनी येत नाही. तिकीट आलं की विमानतळावर हरवू नये आणि नातवाशी दोन शब्द बोलता यावेत, एवढीच त्यांची गरज.

"कारण विचारायचं नाही, पाठ करायचं," बाई म्हणाल्या. "नकाशात दक्षिण खाली असते. खाली जाणं त्यांना आवडत नाही."

"आपल्या चिनीत आपण जेवायला हॉटेलात 'उतरतो' आणि संडासाला 'चढतो'," मागून त्साओ ताई म्हणाल्या. या बाई वर्गाला केवळ तोंड सोडायला येत. "आपलं तरी डोकं कुठं ठिकाणावर आहे?"

वर्ग हसला. लाओ थान हसले नाहीत. त्यांनी जन्मभर खिडक्या बसवल्या होत्या. गावातल्या निम्म्या गॅलऱ्यांच्या काचा त्यांच्या हातच्या, आणि त्या सगळ्या दक्षिणेला. आमच्याकडे घर बघायला गेलेला माणूस आधी ऊन कुठून येतं ते विचारतो, किंमत नंतर.

"ज्याच्या घराला दक्षिण नाही त्याला मुलगी कोण देतं?" ते म्हणाले. "थंडीत आपला जीव कुणी राखला? दक्षिणेनं. हा वाक्प्रचार मी शिकणार नाही."

"नका शिकू," बाई म्हणाल्या. "पण डावं-उजवं तरी शिका."

कारण खरी अडचण तिथे होती. आमच्या गावात डावं-उजवं हे शब्द फक्त चपलांसाठी वापरतात. बाकी सगळा कारभार दिशांवर चालतो. मीठ शेगडीच्या पश्चिमेला असतं. न्हावी सांगतो, डोकं जरा उत्तरेला करा. नवरा-बायको एका पलंगावर झोपतात आणि ती म्हणते, पूर्वेला सरक. मग बाईंनी 'टर्न लेफ्ट' म्हटलं की लाओ थान आधी खिडकीतून ऊन बघत, मनात घराचा नकाशा उभा करत, आणि तोवर बाकीचे वळून पुढे गेलेले असत. शेवटी बाईंनी त्यांच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधला. बांधताना त्यांचा हात थोडा जास्तच वेळ धरला गेला, असं त्साओ ताईंनी नंतर गावभर सांगितलं.

खोटं नव्हतं ते. लुआन बाईंचे यजमान जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगा दूर शनजन शहरात असायचा, रविवारी फोन करायचा आणि तब्येतीची चौकशी संपली की दोघांनाही पुढे काही सुचायचं नाही. बाई एकट्याच राहायच्या. सकाळचा रांधलेला भात संध्याकाळी खायच्या आणि टीव्ही लावून ठेवायच्या, बघायला नव्हे, घरात आवाज हवा म्हणून. लाओ थान त्यांच्यापासून दोन इमारती पलीकडे राहायचे. वर्ग सुटला की दोघं भाजीबाजारातून चालत येत, एकमेकांच्या पिशवीतली लसणाची पात बघून नावं ठेवत, आणि फाटकाशी उगीच उभे राहत.

हिवाळ्यात एकदा फाटकाशीच लाओ थान म्हणाले, "बाई, तुमच्याकडे एक शेगडी पेटते, माझ्याकडे एक. दोन माणसांना दोन शेगड्या म्हणजे गॅसची नासाडी."

आमच्याकडे या वयात लग्न कुणी करत नाही. एका चुलीवर शिजवायचं ठरवतात, बस. मात्र त्याला मुलांची मान हलावी लागते, नाहीतर शेजारपाजार जगू देत नाही. बाईंना उत्तर देताना कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं.

"मुलीला विचारा आधी," त्या म्हणाल्या.

मुलगी, यानली, ऑस्ट्रेलियात पर्थला असायची. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिनं तिकीट पाठवलं. आधी सहा महिने इकडे या बाबा, नातवाला भेटा, मग बघू.

निघायच्या दिवशी बाईंनी त्यांना जेवायला बोलावलं. पाहुणा गाडीत चढताना ज्याओत्झ खाऊ घालायचे आणि परत आल्यावर लांब नूडल्स, ही आमची जुनी रीत. बाईंनी पहाटेपासून पीठ लाटलं, मांस आणि पातीचं सारण भरलं, कडा दुमडल्या. लाओ थान व्हिनेगरमध्ये बुडवून एकेक खात होते आणि बाई उजळणी घेत होत्या.

"'लुक आफ्टर'?"

"मागं बघणं. नाही, नाही. सांभाळणं."

"'ड्रॉप बाय'?"

"सहज डोकावणं. काल मी तुमच्याकडे ड्रॉप बाय केलं."

"'कम बॅक'?"

"ते येतं मला."

"'सेटल डाउन'?"

"खाली बसणं."

"कायमचं राहणं. एका ठिकाणी स्थिर होणं."

"मग सोडा," लाओ थान तोंड पुसत म्हणाले, "ते मला लागणार नाही. शरद पौर्णिमेला मी इथं असेन. तुम्ही नूडल्सचं पीठ भिजवून ठेवा."

बाईंनी मान हलवली आणि उरलेले ज्याओत्झ डब्यात भरून दिले, विमानतळावर टाकून द्यावे लागतील हे माहीत असूनही.

पर्थचं आणि आमचं घड्याळ एकच, ही एक बरी गोष्ट होती. रोज दुपारी जेवणाच्या वेळी लाओ थान व्हिडिओ कॉल करायचे. फोन धरायची अक्कल त्यांना शेवटपर्यंत आली नाही. बाईंना कधी कपाळ दिसायचं, कधी नाकपुड्या, आणि बहुतेक वेळा छत. नातू आजोबांशी दोन शब्द बोलून पळतो, पाव गोड आहे, रस्त्यावर माणूसच नाही, असं ते सांगायचे. "इथं कुणीच चालत नाही हो. सगळे गाडीत. फूटपाथ माझ्या एकट्यासाठी बांधलाय." बाई आपला वाडगा फोनशेजारी ठेवून जेवायच्या. टीव्ही त्या वेळेपुरता बंद असायचा.

मग एका दुपारी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी केला तर उचलला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो यानलीचा.

"मावशी, बाबा हरवले होते," ती म्हणाली. "आता घरी आहेत. बरे आहेत. पण त्यांचं डोकं गेलंय."

"हरवले? कसे?"

"मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. डावं-उजवं नाही, काही नाही. म्हटलं, बाग घराच्या दक्षिणेला आहे, सरळ जा. आणि हे सरळ उत्तरेला गेले, मावशी. बागेचा पत्ता नाही आणि चालतायत आपले. पार हायवेच्या कडेला सापडले, टायरच्या दुकानापाशी. ओठ सुकलेले. आणि पोलिसांना सांगतायत काय, तर सूर्य चुकलाय."

"दुपारी निघाले होते का?"

"हो, जेवून. का?"

"यानली, अगं, तिथं दुपारचा सूर्य उत्तरेला असतो."

बाईंना सगळं लख्ख दिसत होतं. दार उघडून लाओ थान बाहेर आले असतील, जन्मभराच्या सवयीनं ऊन तोंडावर घेतलं असेल, ही दक्षिण म्हणाले असतील, आणि निघाले असतील. आमच्या गावचा कुठलाही माणूस असाच निघाला असता. बाईंनी त्यांना विमानतळावरचं, दुकानातलं, दवाखान्यातलं इंग्रजी शिकवलं होतं. हे एक सांगायचं राहिलं होतं.

"त्यांचं डोकं ठिकाणावर आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त. फक्त हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

"असेल," यानली म्हणाली. "पण मावशी, पुढच्या वेळी वेगळं काही होईल. मी कामावर असते. त्या दिवशी पोलिसांचा फोन आला आणि मी काम तसंच टाकून धावले. आई गेली तेव्हा मला विमान मिळालं नाही, तुम्हाला माहीत आहे. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबांच्या वेळी मला तसं नकोय. त्यांना आता एकट्यानं परत पाठवायचं नाही, आणि तिथं एकटं ठेवायचं नाही. त्यांचं सामान इकडे मागवून घेईन."

ते तिथे एकटे नसतील. बाईंच्या ओठावर हेच शब्द आले होते. मी आहे, माझी शेगडी आहे, दोन इमारतींचं अंतर आहे. पण हे म्हणणाऱ्या आपण कोण? दोरा बांधणं म्हणजे काही नातं नव्हे. ज्या मुलीनं आईचं तोंड पाहिलं नाही तिच्याकडून बाप कसा मागायचा?

"तुझं बरोबर आहे, बाळ," इंग्रजीच्या बाई म्हणाल्या. "त्यांना टोपी घेऊन दे."

फोन ठेवल्यावर त्या खूप रडल्या. टीव्ही लावायचंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाओ थानांचं कपाळ पुन्हा पडद्यावर आलं.

"बाई, तुम्ही सूर्याचं शिकवलं नाहीत."

"चुकलंच माझं."

"इंग्रजी मात्र चाललं हो. पोलीसबाई आली, मी म्हटलं, 'आय वॉन्ट टू गो बॅक.' ती म्हणाली, कुठे? मी म्हटलं, ल्याओचंग. ती बिचारी नकाशात गल्ल्या शोधत बसली."

बाई हसल्या.

"यानलीला मी नाही म्हणू शकलो असतो," लाओ थान म्हणाले. "पण ती रात्रभर माझ्या दाराबाहेर सतरंजी टाकून झोपली होती. मी उठून जाईन म्हणून. एवढी मोठी बाई, ऑफिसात साहेब आहे ती. तिला ओलांडून बाथरूमला गेलो मी."

"मग राहा," बाई म्हणाल्या. "तिला तुमची गरज आहे."

"हो. आणि तुम्ही?"

"मला वर्ग आहेत."

उन्हाळ्यात लाओ थानांचं घर विकलं गेलं. नव्या जोडप्यानं गॅलरीच्या काचा काढून मोठ्या एकसंध काचा बसवल्या. जुन्या काचा फाटकाशी भिंतीला टेकून बरेच दिवस उभ्या होत्या आणि बाई पलीकडच्या बाजूनं जायच्या. वर्गात नवी माणसं आली. बाईंनी 'गो साउथ' फळ्यावर लिहिलाच नाही. त्साओ ताईंनी आठवण केली तर म्हणाल्या, तो फारसा कुणी वापरत नाही. त्साओ ताईंनी एकदाच बाईंकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून घेतलं.

शरद पौर्णिमेच्या दिवशी मुलाचा फोन सकाळीच येऊन गेला. तब्येत बरी, मूनकेक मिळाले, ठेवतो. बाईंनी पीठ भिजवलं. एका माणसाला लागतं त्याहून जास्त भिजवलं गेलं. लाटून, घडी घालून, सुरीनं लांब नूडल्स कापले, सूपमध्ये सोडले, वर अंडं घातलं. वाडगा घेऊन त्या गॅलरीत बसल्या. त्यांच्या गॅलरीच्या काचा अजून लाओ थानांनी बसवलेल्याच होत्या. दुपारचं ऊन सरळ आत येत होतं.

फोन वाजला. आज पडद्यावर एक मनगट आणि विटलेला लाल दोरा दिसत होता.

"घराच्या अंगणात बसलोय," लाओ थान म्हणाले. "यानलीनं बाक आणलाय माझ्यासाठी. दुपारी ऊन तोंडावर घेतो आणि स्वतःला बजावतो, ही उत्तर, म्हाताऱ्या, ही उत्तर. पाठ झालं आता. तुम्ही काय करताय?"

"मी पण उन्हातच आहे."

"म्हणजे दक्षिणेकडे तोंड."

"हो." बाईंनी शाळेच्या भिंतीवरचा नकाशा कितीदा तरी बघितला होता. बोट ल्याओचंगवर ठेवून सरळ खाली ओढलं की ते आधी डोंगरांवरून, मग समुद्र आणि बेटांवरून जातं आणि ऑस्ट्रेलियाच्या पार खालच्या भागात पर्थला टेकतं. "लाओ थान, तुमचं गाव आमच्या नेमकं दक्षिणेला आहे. इकडे नाही, तिकडे नाही. सरळ."

मग मनगट हललं आणि क्षणभर त्यांचा पूर्ण चेहरा दिसला, टोपी घातलेला, वाळलेला.

"म्हणजे आपण समोरासमोर बसलोय," ते म्हणाले.

"बसलोय."

"जेवताय काय?"

"नूडल्स."

"खा मग. गार होतील."

बाईंनी वाडगा उचलला. नूडल्स न तोडता खायचे असतात, म्हणून त्या हळूहळू ओढत खात राहिल्या आणि लाओ थान ऐकत राहिले. मग आत नातवानं हाक मारली आणि ते गेले.

ऊन पश्चिमेकडे सरकत गेलं. गॅलरीत सावली आली, पातेल्यात उरलेल्या नूडल्सचा लगदा झाला. लुआन बाईंनी खुर्ची हलवली नाही. ती दक्षिणेकडे तोंड करून होती, तशीच राहू दिली.