सांगून उठा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. जुन्नरच्या चर्चमध्ये भिंतीला टेकून उभा असतो. दोन माणसं बसतील एवढीच माझी लांबी. नीट पाहिलंत तर माझे पाय टोकांना नाहीत, पार पोटाखाली आहेत, थंडीत शेळी पाय आखडून उभी राहते तसे. दोन टोकांना दोघं बसले तर मी शहाण्यासारखा वागतो. पण त्यातला एक जण न सांगता उठला, की दुसरा थेट जमिनीवर. हे पाय बाहेर घेण्यासाठी माझ्यापुढे दोनदा करवत आली. दुसऱ्यांदा तर खुद्द पाळकबुवांनीच ती बोलावली होती. तीच गोष्ट सांगायची आहे.

जन्मानं मी बाक नव्हे. जुन्नरच्या पेठेत नेमीचंद शेठजींचं कापडाचं दुकान होतं. दुकान बंद करताना चौकटीत ज्या फळ्या ओळीनं लावत, त्यातली मी चौथी. माझ्या पोटाला कोरलेला चारचा आकडा अजून आहे. पुढे शेठजींनी नवी दारं बसवली आणि आम्ही फळ्या परसात जाऊन पडलो. शेठाणी मोहनबाई माझ्यावर पापड वाळत घालीत. पापड बिचारे चार दिवसांत निघून जात. मी तिथंच.

त्याच सुमाराला नगरहून चर्चचे नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू आले, आनंदराव भिंगारदिवे. लोक त्यांना पाळकबुवा म्हणत. ख्रिस्ती मंडळी लहान, पण मुलूख मोठा. जुन्नरपासून घोडेगावपर्यंत पायी फिरायचं, आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करायची, उपासना चालवायची, लग्नं लावायची. माणूस मनानं लोण्यासारखा, पण बोलायला उभा राहिला की खाली बसत नसे. लग्नाचं प्रवचन आदामाच्या फासळीपासून सुरू होई. ऊन डोक्यावर आलं तरी नोहाचं तारू अजून बांधूनच व्हायचं असे. नवरा-नवरी सतरंजीवर मांडी घालून ऐकत. एका नवरदेवाच्या पायाला इतक्या मुंग्या आल्या, की 'होय' म्हणायच्या वेळी दोघांनी बगलेत धरून त्याला उभा केला. नवरीच्या आईला वाटलं, जावई पिऊन आला.

घरी आल्यावर पाळकबुवांच्या पत्नी बयाबाई म्हणाल्या, "अहो, एक तर प्रवचन आखूड करा, नाहीतर बसायला बाक तरी करा."

पाळकबुवांनी खूप विचार केला आणि बाक करायचं ठरवलं.

शेठजींनी फळी फुकट दिली. कुंडलिक सुतारानं काम घेतलं. त्यानं गाड्या केल्या होत्या, पाळणे केले होते, बाक कधी केला नव्हता. तो पायांचं माप विचारायला आला, तेव्हा पाळकबुवांचा अंगठा सकाळीच चौरंगाच्या पायाला ठेचकाळून टम्म सुजला होता.

"पाय आत घे, कुंडलिक," ते अंगठा धरून म्हणाले. "अजून आत. कुणाला लागता कामा नयेत."

कुणाला लागले नाहीत. बाकी सगळं झालं.

माझ्यावर पहिलं लग्न लागलं ते गेणू आणि सरूचं. गेणू उतावळा गडी. पाळकबुवांनी प्रश्न विचारायला नुसतं तोंड उघडलं आणि गेणू "होय!" म्हणून ताडकन उठला. सरू फुलांसकट खाली. मी तिच्यावर उताणा. मग खालून आवाज आला, "पैल्याच दिशी आपटलं मला! पुढं काय करनार हाय ह्यो?"

बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पाळकबुवांनी सरूला उठवलं, मला सरळ केलं, आणि आदाम, फासळी, तारू सगळं बाजूला ठेवून एवढंच म्हणाले, "गेणू, उठताना सांगून उठत जा."

त्यांचं तेवढं एकच प्रवचन सगळ्यांच्या ध्यानात राहिलं.

बाजारात लोक कुंडलिकाला विचारू लागले, "काय राव, नवरी पाडायचा बाक तुमीच केला का?" तो दुसऱ्याच दिवशी करवत घेऊन धावत आला. बयाबाई ओसरीवर तांदूळ निवडत माझ्या एका टोकाला बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला पाळकबुवा.

"बाई, पाय भाईर घेतो. माझी लई बदनामी व्हायली."

"काही नको," बयाबाई म्हणाल्या. "यांनी आयुष्यात दिलेलं हे एकच माप बरोबर आलंय. पायाला हात लावायचा नाही."

करवत परत गेली. तेव्हापासून लग्न नसेल तेव्हा मी पाळकबुवांच्या ओसरीवर राहू लागलो. भांडलेलं जोडपं आलं की दोघांना माझ्यावर बसवायचं, असा बयाबाईंचा नियम झाला. रागानं उठून निघून जायची सोय माझ्यावर नाही. ख्रिस्ती घरांतलीच नव्हे, बाकीचीही माणसं येऊ लागली. एकदा पिंपळवंडीहून हौशीराम आणि त्याची साळुबाई आली. हौशीराम न सांगता घरी पाहुणे आणायचा, तेही चूल विझल्यावर. दोघं माझ्यावर पाठीला पाठ लावून बसली. बयाबाई आत निघून गेल्या. दोघांनी आपापली कड घट्ट धरली.

"उठू का?" शेवटी हौशीराम म्हणाला.

"उठा की. कुनी धरलंय?"

"तू पडशील."

"पडू द्या. घरात पडतीच की रोज, तुमच्या पावण्यांच्या भाकरी थापून थापून."

"आगं, पन ते लांबून आल्यालं असत्यात."

"मग लांबूनच सांगावा धाडावा!"

हौशीरामनं मान खाजवली. मग हळूच म्हणाला, "सांगावा धाडला तर पिठलं करशील?"

"आदी धाडा तर खरं. आन् आता उठायचं तर दोगं मिळून उठू. माजी कंबर मोडली ह्या लाकडावर."

दोघं मिळून उठली. मी हललोसुद्धा नाही.

आता एक गंमत सांगतो. सगळ्या तालुक्याला 'सांगून उठा' शिकवणारे पाळकबुवा स्वतः मात्र न सांगता उठत. एकदा घोडेगावला म्हणून गेले आणि तिथून परस्पर डोंगरातल्या गावांकडे वळले. आपला नवरा कुठं आहे, हे बयाबाईंना एका भाजीवालीकडून कळलं. पाळकबुवा धुळीनं माखून परत आले, तेव्हा बयाबाई माझ्यावर बसल्या होत्या, अगदी मधोमध. मधोमध बसलं तर मी एकट्यालाही पेलतो. फक्त दुसऱ्याला जागा राहत नाही.

"बया, सरक की जरा," पाळकबुवा म्हणाले.

"कशाला? एकटीनं बसायला शिकतेय."

पाळकबुवांनी ख्रिस्ती सहभागितेवर चार वाक्यं ऐकवली. त्या हलल्या नाहीत. त्यांनी डोंगरातल्या आजाऱ्यांची हकीकत सांगितली. तरी हलल्या नाहीत. शेवटी कान धरून म्हणाले, "चुकलो. यापुढं सांगून जाईन." तेव्हा बयाबाई एका टोकाला सरकल्या. मी लगेच कललो. पाळकबुवांनी धावत येऊन दुसरं टोक दाबलं, म्हणून दोघंही वाचली.

त्यानंतर मधे बसणं म्हणजे भांडण, असं त्या घरात ठरूनच गेलं. कधी तिखट जास्त पडल्यावर पाळकबुवा मधे बसत, कधी प्रवचन फार लांबल्यावर बयाबाई. पण असं फार वेळ टिकत नसे.

मग ती तापाची मोठी साथ आली. दोघं घरोघरी पेज आणि औषध घेऊन फिरली. एका सकाळी बयाबाई माझ्या एका टोकाला उन्हाला बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला पाळकबुवा. त्यांचं अंग भाजत होतं, मला लाकडाला कळलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अहो, उठते हं मी."

पाळकबुवांनी सवयीनं माझी कड धरली. बयाबाई आत जाऊन पडल्या, त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

त्या सांगून उठल्या होत्या. तरी पाळकबुवा सावरले नाहीत.

ते आजाऱ्यांकडे जात, उपासना चालवत. पण लग्नं लावायचं त्यांनी सोडलं. मंडळीतल्या शीलाचं लग्न ठरलं होतं. तिच्या वडिलांना म्हणाले, "पुण्याहून कुणाला तरी बोलवा. लग्नावर मी आता काय बोलणार?" ओसरीवर कुणी आलं तर उभ्या उभ्याच बोलत. आणि एक दिवस विसरून आपल्या नेहमीच्या टोकाला येऊन बसले. मी काय करणार, मित्रांनो? माझे पायच तसे. ते पडले. बराच वेळ तसेच बसून राहिले. मग कुंडलिकाला निरोप गेला, करवत घेऊन ये, बाकाचे पाय बाहेर घ्यायचे आहेत.

कुंडलिक आला. त्याचेही केस पिकले होते. ज्या कामासाठी तो इतकी वर्षं टपला होता, ते समोर होतं, पण त्याचा हात काही पुढे येईना.

"पाळकबुवा, मधी बसा की. मधी बसलं तर एकट्यालाबी पेलतो ह्यो."

"मधे बसणं म्हणजे भांडण, कुंडलिक," पाळकबुवा म्हणाले. "माझं तिच्याशी काही भांडण नाही."

कुंडलिकानं करवत खाली ठेवली. पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "बसा बरं त्या टोकाला. मी ह्या टोकाला बसतो. आदी तोल बघाय लागंल."

दोघं बसले. कुंडलिकानं तोल वगैरे काही बघितला नाही.

"खरं सांगू का? घरून निघताना माझी कारभारीन भागू म्हनली, त्या बाकाच्या पायाला हात लावला तर जेवाय घरी येऊ नगा."

"तुझ्या भागूला काय त्याचं?"

"आमीबी बसलोय की ह्याच्यावर. तुमी डोंगरात गेल्ता तवा. बाईंनी बसवलं व्हतं."

"तुम्ही? कशावरून भांडलात?"

"ते ध्यानात न्हाई. किती बारी पडलो ते ध्यानात हाय."

पाळकबुवा हसले. घरात इतक्या दिवसांत कुणी हसलं नव्हतं. आपल्याच आवाजाला ते थोडे दचकले.

कुंडलिकानं मला बोटानं ठोकून पाहिलं. "आत्ता न्हाई कापता येनार. लाकूड वलं हाय. पंधरा दिसांनी बघू."

"कुंडलिक, शेठजींच्या दुकानापासून धरलं तर हे लाकूड आपल्या दोघांपेक्षा म्हातारं आहे."

"सागाचं काय सांगता येत न्हाई, पाळकबुवा." तो करवतीकडे हात नेत थांबला. "उठू का आता?"

पाळकबुवांनी माझी कड दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाले, "थांब की थोडा."

कुंडलिक दिवेलागणीपर्यंत थांबला. दुसऱ्या दिवशी पिंपळवंडीहून हौशीराम आला, "लाकूड वाळलं का, ते बघाय आलो." मग गेणू आला. तोही लाकूड बघायलाच. नेमीचंद शेठजी तर म्हणाले, फळी आमच्या दुकानाची, तेव्हा पहिला हक्क आमचा. माझं लाकूड काही वाळेना. जो तो दुसऱ्या टोकाला बसे आणि उठताना विचारून उठे. बयाबाईंची जागा कुणी घेतली नाही. फक्त पाळकबुवांना पडू दिलं नाही.

शीलाचं लग्न शेवटी पाळकबुवांनीच लावलं. आदामाची फासळी नाही, तारू नाही. माझ्यावर बसलेल्या त्या दोघांना ते म्हणाले, "उठताना सांगून उठा. आणि दुसरं उठायला निघालं, तर लगेच बरं म्हणू नका. थोडं थांब म्हणा."

मित्रांनो, आता तुम्ही उपासना संपल्यावर माझ्यावर वर-खाली खेळता. खेळा. पण मला वाळवीपासून जपा, पावसाळ्यात भिंतीपासून थोडं लांब ठेवा, आणि कुणी शहाणा करवत घेऊन आला तर त्याला सांगा, लाकूड अजून ओलं आहे. आणि एखादं माणूस माझ्या एका टोकाला कसाबसा तोल धरून एकटंच बसलेलं दिसलं, तर त्याला मधे सरकायला सांगू नका. दुसऱ्या टोकाला जाऊन बसा.