बॉयलरमधला ठोका

“प्रतिध्वनी येणे. झालं! पुढचं कार्ड,” उपसंपादक म्हणाले.

कार्डबाईंनी कार्ड पुढे सरकवलंच नाही. “सर, हे चुकलंय.”

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत गेली एकवीस वर्षं त्या इतरांनी शोधलेले अर्थ सुवाच्य अक्षरात कार्डांवर उतरवत आल्या होत्या. त्यांनी चूक काढायची म्हणजे टपालपेटीने पत्राला उत्तर द्यायचं! तेही आज, ‘आर’ची सगळी कार्डं दुपारी छापखान्यात जायची असताना. शब्द होता ‘रिव्हर्बरेट’.

“आधीच्या तिन्ही कोशांत हेच आहे, बाई.”

“तिघांनी एकमेकांचं बघून लिहिलंय, सर. संदर्भासाठी ती पानं मीच उतरवून काढलीत.”

मुख्य संपादक मॅडमनी चष्मा काढला. “मग तुम्ही काय लिहाल?”

बाईंना असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. पण आज मूग गिळून बसलं तर चूक चौथ्या कोशात जाणार, आणि तीही आपल्या अक्षरात, हे त्यांना सहन होईना.

“माझे वडील बॉयलर साफ करायचे. आत रांगत शिरायचं आणि साचलेला थर हातोडीने फोडायचा. मी डबा घेऊन जायचे, बाहेर उभी राहून ऐकायचे. प्रतिध्वनी कसा, आवाज थांबला की परत येतो. आतला ठोका थांबायचाच नाही, मॅडम. तो विरायच्या आत दुसरा पडायचा.”

उपसंपादकांनी पेनाचं टोपण तीनदा काढलं, तीनदा लावलं. माणूस वाईट नव्हता. हट्टी होता, इतकंच.

“घुमत राहणे,” ते शेवटी पुटपुटले. “आणि वाक्य?”

वाक्य बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. मॅडमनी कोरं कार्ड त्यांच्याच हाती दिलं. एकवीस वर्षांतलं हे त्यांचं पहिलं स्वतःचं कार्ड. अक्षर जरा वाकडं आलं, आणि बाईंना त्या वाकड्या अक्षराचाही अभिमान वाटला.

आठवड्याने तपासणीची पानं छापून आली. बाईंनी एक जास्तीचं पान मागून घेतलं आणि घरी नेलं. वडील पन्नाशीतच ठार बहिरे झाले होते. ‘लोकांना कशाला ओरडायला लावायचं’ म्हणून त्यांनी शेजारी जाणंही सोडलं होतं. बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. वडिलांनी घर दणाणेल अशा आवाजात वाचलं, “बॉयलरच्या आत मारलेला ठोका बराच वेळ घुमत राहिला.”

मग पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं.

“बराच वेळ?” त्यांनी कानाला बोट लावलं. “अगं, अजून घुमतोय.”

तीस वर्षांत हे ते कधी बोलले नव्हते. बाईंचे डोळे भरून आले. ‘बदलू का?’ बाईंनी हातानेच विचारलं.

“छे! राहू दे. बरोबर लिहिलंयस.”

वडिलांनी कपाटातून धुतलेला सदरा काढला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि पान घेऊन बाहेर पडले. शेजाऱ्यांचं दार त्यांनी स्वतःच ठोठावलं.