लेखन सुरू आहे

निबंधाला पहिला नंबर आला आणि मराठीच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, हिच्या हातात लिखाण आहे, यंदाच्या वार्षिक अंकात हिची गोष्ट हवीच. झालं. त्या दिवशी शाळेतून मी घरी आले ती जमिनीच्या वीतभर वरूनच.

आता लेखिका व्हायचं म्हटल्यावर लेखक लिहितात कसे, ते माहीत करून घेणं आलं. मी वाचनालयातून एकदम तीन पुस्तकं उचलली. एक जाडजूड कादंबरी, जिची मोजून चार पानं वाचली आणि मग ती येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी टेबलावर ठेवली. एक खुनाची, जी आधाशासारखी संपवली. आणि तिसरं पुस्तक एका म्हाताऱ्या लेखकाच्या आठवणींचं. या तिसऱ्याने माझं वाटोळं केलं. त्यात लिहिलं होतं, की ते लिहायला बसले की भिंतीवरचं घड्याळसुद्धा बंद केलं जायचं. बायको मुलांना घेऊन मागच्या दाराने बाहेर पडायची आणि परत आल्यावर भांडी आपटू नयेत म्हणून खाली फडकं अंथरायची. हे वाचलं आणि माझी गोष्ट का पुढे सरकत नाही, त्याचं कारणच सापडलं. आमच्या घरात फार आवाज होता.

आमच्या घरातला आवाज म्हणजे मुख्यतः आत्या. ती बाबांची थोरली बहीण. ती काम करायची ते झेरॉक्सचं दुकान बंद पडलं, तेव्हापासून आमच्याकडे राहते. बरेच महिने अर्ज करून करून थकल्यावर बस स्थानकात माईकवरून सूचना देण्याची जागा निघाली आणि आत्याला चाचणीला बोलावणं आलं. मग काय, ती केस विंचरताना, कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना बसगाड्या सोडायला लागली. तिने "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हटलं की समोरच्या इमारतीतले लोक खरंच लक्ष द्यायचे. रस्त्यापलीकडचा सायकलवाला तिला कौतुकाने भोंगा म्हणायचा.

मी माझ्या खोलीच्या दारावर पाटी लावली. 'लेखन सुरू आहे.' आणि खाली बारीक अक्षरात 'कृपया शांतता'. बाबांनी ती चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मी जेवताना गाल फुगवून बसले, तर आत्या त्यांनाच रागावली. घरात एक लेखिका निपजतेय आणि तू तिचे पाय कसले ओढतोस, असं काहीसं म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर मुकं झालं. आई मिक्सर मी शाळेत असतानाच फिरवून घ्यायची. बाबा टीव्हीवरचा सामना आवाज बंद करून बघायचे आणि गोल झाला की उशीत तोंड खुपसायचे. आत्या बसगाड्या सोडायची, पण नुसते ओठ हलवून. एकदा मी पाणी प्यायला बाहेर आले, तर ही खिडकीशी उभी, हाताची मूठ माईकसारखी तोंडापुढे, आणि काचेच्या भांड्यातल्या माशासारखी तोंडाची उघडझाप. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. स्वतःच्याच.

आणि आत मी काय करत होते? खुनाची कादंबरी दुसऱ्यांदा वाचत होते. खुनी कोण ते माहीत असूनही. माझ्या कागदावर शीर्षक होतं आणि त्याखाली दीड ओळ. 'ती खिडकीत उभी होती. बाहेर'. बाहेर काय होतं, याचा मला पत्ता नव्हता. घर इतकं शांत झालं, की मी लिहीत नाहीये हे मला स्वतःला ऐकू यायला लागलं. दुपारी आत्या दुधाचा पेला घेऊन यायची. टेबलावर तो टेकताना आवाज होऊ नये म्हणून आधी करंगळी टेकवायची आणि मग पेला. मी पटकन कादंबरीवर कागद ओढायची. आत्या त्या कागदाकडे बघायची आणि चवड्यांवर चालत निघून जायची. मला वाटायचं, काय हा माझ्या लेखनाबद्दलचा आदर.

चाचणीच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. लेखकाने अनुभव घ्यावेत म्हणून मी आत्यासोबत गेले. तिकिटाच्या खिडक्यांमागे एक काचेची खोली होती. वेळापत्रकांनी भिंती भरलेल्या, माईकच्या टोकाला उसवलेला स्पंज, आणि चाचणी घेणाऱ्या बाई एका हाताने चहा ढवळत होत्या. काचेपलीकडे फलाट, सामानावर बसलेली माणसं.

आत्याने कागद हातात घेतला, उभी राहिली आणि वाचायला लागली. आवाज आला, पण तो आमच्या मुक्या घरातला. पेल्याखालच्या करंगळीसारखा. बाई म्हणाल्या, जरा मोठ्याने. आत्याने छाती भरून श्वास घेतला. 'प्रवाशांनी' चांगलं खणखणीत निघालं, आणि 'कृपया'पाशी कुणीतरी बटण फिरवावं तसा आवाज आपोआप खाली आला. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मुद्दाम नाही, सवयीने. मला त्रास तर होत नाही ना, म्हणून. तिसऱ्या वेळीही तेच. फलाटावर एकानेही मान वर केली नाही.

"आवाज छान आहे हो तुमचा," बाई म्हणाल्या, "पण आतच अडकलाय. घरी सराव नाही केलात का?"

"केला की," आत्या म्हणाली. "पण हळू आवाजात. आमच्याकडे लेखिका आहे ना, तिचं लेखन सुरू असतं." आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी अभिमानाने.

त्या बाई चहा बाजूला ठेवून माझ्याकडे वळल्या. "अरे वा. काय काय लिहिलंस?"

माझे कान असे तापले, की त्यांवर पापड भाजता आला असता. वर्गात धडाधड हात वर करणारी मी, पण त्या खोलीत मला तोंड लपवायला एवढीशीही जागा सापडेना. "चालू आहे अजून," मी म्हणाले. माझाही आवाज करंगळीवर टेकवल्यासारखा आला.

सोमवारी मोठे साहेब येतात, त्यांच्यासमोर आणखी एकदा वाचा, पण ती शेवटची संधी, असं बाईंनी सांगितलं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले, तर आत्याच माझी समजूत घालत राहिली. तू कशाला तोंड पाडतेस, तुझी कुठे चाचणी होती, म्हणाली. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मी पाटी काढली. वाचनालयात परत द्यायच्या आधी ते आठवणींचं पुस्तक पुन्हा चाळलं, त्या फडकी अंथरणाऱ्या बाईंचं नाव शोधत. सापडलं नाही. पुस्तकभर त्या नुसत्या 'आमचं कुटुंब' होत्या.

सकाळी मी आत्याला म्हटलं, सोड बस. ती पुढच्या खोलीत उभी राहिली, मी तिच्या समोरच होते, तरी माझ्या खोलीच्या दाराकडे नजर जाऊन तिचा आवाज बसला. "सवय झाली गं," ती पुटपुटली. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथून म्हणाले, ऐकू येत नाही. तिने थोडा चढवला. मी जिन्यात गेले. ऐकू येत नाही. खरं तर येत होतं, पण मी धादांत खोटं बोलले. खालच्या फाटकाशी गेले, तिथून ओरडले, आणि शेवटी रस्ता ओलांडून सायकलवाल्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. एक ट्रक धडधडत गेला. वर खिडकीत आत्याचे ओठ हलताना दिसत होते, आणि आता खरंच काही ऐकू येत नव्हतं.

"काय गं, भोंगा बिघडला का?" सायकलवाल्याने चाकात हवा भरता भरता विचारलं.

"मी बिघडवलाय," मी म्हणाले, आणि हातांचा कर्णा करून वर ओरडले, "काहीच ऐकू येत नाही, आत्या."

आत्याने खिडकीचे गज धरले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." सायकलवाल्याचा पंप थांबला. समोरच्या गॅलरीत दोन बायका बाहेर आल्या. "रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या लेखिकाबाईंची गोष्ट दीड ओळीवरच थांबलेली आहे. 'बाहेर'च्या पुढे ती अद्याप सुटलेली नाही. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. रोज दुधाचा पेला ठेवताना तिने ती दीड ओळ वाचली होती, आणि तरीही चवड्यांवर चालत परत गेली होती.

गॅलरीतल्या बायका वाकून, नक्की लेखिका कोण, ते बघायला लागल्या. सायकलवाला माझ्याकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसत होता. पळत घरात शिरावं आणि पलंगाखाली लपावं, असं वाटत होतं. पण सोमवार जवळ आला होता. माझं तोंड टोमॅटोसारखं झालेलं असणार, तरी मी हात वर केला.

"पुन्हा एकदा, आत्या," मी ओरडले. "आणखी मोठ्याने. माझ्या नावासकट."